फाटक होतं तसं

ग्लेनिस प्रॉसरने आयुष्यात एकदाही दुसऱ्याच्या रानातलं फाटक चुकीचं ठेवलं नव्हतं. उघडं सापडलं तर उघडं, लावलेलं सापडलं तर लावलेलं, साखळीचा आकडा होता त्याच कडीत. गुरं राखणाऱ्या बापाच्या पोटी जन्मलेल्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. आणि तरीही त्या शनिवारी सकाळी, प्रदर्शन उघडायला थोडाच वेळ उरलेला असताना, हेस्लिन बे गावच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत बसून ती एक उघडं फाटक गुपचूप लावत होती. फाटक तिच्याच चित्रातलं होतं, पण म्हणून नियम बदलत नव्हता.

"आवर गं बाई," रोंडा दारातून म्हणाली. "फाटक लावतेयस की किल्ला बांधतेयस?"

रोंडा ही बुधवारवाल्यांची म्होरकी. दर बुधवारी सात-आठ जण रंगपेट्या, घडीच्या खुर्च्या नि चहाचे थर्मास घेऊन चित्रं काढायला समुद्राकाठी जायचे, म्हणून गावाने त्यांचं नाव बुधवारवाले ठेवलं होतं. रोंडा पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि ती निवृत्त झाल्याची बातमी तिच्या आवाजापर्यंत अजून पोहोचलेली नव्हती.

"मला हे पटत नाहीये," ग्लेनिस म्हणाली. "फाटक उघडं होतं. मी उघडं बघितलं, उघडं काढलं."

"आणि नेव्हिल हॅरिगन ते बघून काय म्हणेल? 'बघा, हिनेच उघडं टाकलं आणि वर त्याचं चित्रही काढलं!' हात दाखवून अवलक्षण कशाला? आज त्याला गोडीगुलाबीने विचारायचंय. तुला टोक परत हवंय की नकोय?"

हवं होतं. त्याच्यासाठीच तर हा उद्योग चालला होता.

हॅरिगनांचं रान जिथे संपतं तिथे जमीन समुद्रात लांबवर घुसते, त्याला सगळे नुसतं टोक म्हणतात. अगदी कड्यापर्यंत हिरवंगार गवत, त्यात गुरं, आणि गुरांच्या पाठीमागे एकदम पाणीच पाणी. बाकीच्या बुधवारवाल्यांना बोटी चालायच्या, फुलदाण्या चालायच्या. ग्लेनिसला टोकच लागायचं. तिचा नवरा ऊन खायला म्हणून क्वीन्सलँडला गेला तो तिथलाच झाला, त्या वर्षी टोकाने आपल्याला सांभाळलं, असं ती कोणालाही सरळ सांगायची. हॅरिगनांचा नेव बुधवारवाल्यांना आपल्या रानातून खुशाल जाऊ द्यायचा. अट एकच, फाटक सापडलं तसं ठेवायचं.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका बुधवारी ते सगळे टोकावर गेले आणि दुपारी परतले. त्यानंतर नेवच्या कालवडी त्या फाटकातून बाहेर पडल्या, रस्त्याने डुलत डुलत गावात आल्या आणि थेट क्लबच्या मैदानात शिरल्या. आता, गावातले वयस्कर लोक जिथे गोळे घरंगळवायचा खेळ खेळतात ते मैदान म्हणजे काही साधं कुरण नव्हे. नवरदेवाची दाढी करावी तसं ते गवत कापतात, त्यावर बूट घालून पाऊल टाकायची कोणाची छाती होत नाही. दुसऱ्याच दिवशी वार्षिक सामने होते. कालवडींनी मैदानाची अशी काही नांगरणी केली की बटाटे लावायचेच काय ते बाकी राहिले. आणि क्लबचा कॅप्टन कोण, तर खुद्द नेव हॅरिगन!

"चित्रकारांनी फाटक उघडं टाकलं," नेव सगळ्यांसमोर गरजला.

रांगेत शेवटी ग्लेनिस होती, आणि फाटकाची जबाबदारी शेवटच्याची असते. "आम्ही आलो तेव्हाच ते उघडं होतं," असं ती म्हणाली, पण ऐकतो कोण! "पन्नास वर्षांत मी माझं फाटक उघडं टाकलेलं नाही," एवढं बोलून नेवने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं आणि वर पाटी लागली, 'चित्रकारांना मज्जाव'.

"अक्षरांची काय दशा केलीय बघा," बुधवारवाल्यांतला स्टॅव्ह्रॉस पाटीसमोर उभा राहून हळहळला होता. त्याने जन्मभर तळलेले मासे विकले आणि आता तो फक्त बोटी रंगवायचा. "एक ओळ वर, एक ओळ खाली. या माणसाला खरं तर आपल्यातच घ्यायला हवं."

त्याला थट्टा सुचत होती. ग्लेनिसला वर्षभर काही सुचलं नाही. पोस्टात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी हसत हसत म्हणायचंच, "ग्लेनिस, जाताना दार लावून घे हं!" चोर म्हटलं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. आणि बुधवारी जायला टोक नव्हतं. या वर्षीच्या प्रदर्शनाकडे बघूनच ते कळत होतं. भिंतीवर किनाऱ्यावरचा गाड्यांचा तळ होता, कोणाच्या तरी परसातलं कपडे वाळत घालायचं छत्रीसारखं चक्र होतं, निळ्या फुलांच्या झुडपाची तर चक्क चार चित्रं होती. एक खवळलेला समुद्र रोंडाने पावसात गाडीत बसून, काच पुसत पुसत काढला होता. टोक एकच होतं, ग्लेनिसचं, आणि ते त्याच बुधवारचं होतं. डाव्या कोपऱ्यात खांबाला टेकलेलं उघडं फाटक, त्यातून आत जाणारी गवतातली वाट, आणि वाटेच्या शेवटी टोक.

आता ते फाटक लागलं. ग्लेनिसने ब्रश पुसला, चित्र उचललं आणि तोंड पाडून भिंतीवर नेऊन लावलं.

"छान," रोंडा म्हणाली. "आता चेहरा पण लाव जाग्यावर. लोक यायला लागलेत."

लोक आले ते दरवर्षीसारखेच, आधी चहाच्या मेजाकडे. मेजामागे नेवची बायको मॉरीन स्कोन नावाचे छोटे मऊ पाव कापून त्यांच्यावर जॅम आणि मलई थापत होती. मॉरीनचे स्कोन नसते तर हेस्लिन बेमध्ये कलेला कुत्र्यानेही विचारलं नसतं, असं रोंडा स्वतःच म्हणायची. मग बशा हातात घेऊन मंडळी चित्रांकडे वळली. शेतकरी चित्रं बघतात ती बाजारात जनावरं बघावीत तशी. एकाने पाणवठ्यावरच्या गाईच्या चित्रापुढे मान हलवली, "हिला पोटात जंत आहेत." दुसऱ्याने एका सुंदर संध्याकाळच्या चित्रातलं कुंपण नापास केलं, ससासुद्धा अडायचा नाही म्हणाला. स्टॅव्ह्रॉसच्या बोटीपुढे दोन कोळी वाद घालत होते की ही बोट बुडणार ती पुढून की मागून. स्टॅव्ह्रॉस मागे उभा राहून तृप्त होऊन ऐकत होता.

आणि नेव आला. अंगात तोच एकुलता एक कोट, लग्नांना, मयतांना आणि प्रदर्शनाला चालणारा. सभागृह त्याच्या आजोबाने दिलेल्या जागेवर उभं असल्यामुळे उद्घाटनाचे दोन शब्द दरवर्षी तोच बोलायचा. गुरुवारी आपल्या ट्रकमधून मेजं आणून टाकायची आणि शनिवारी भाषण करायचं, हा हॅरिगनांचा मान होता. भाषणही ठरलेलं असायचं. "चित्रं बघा, चहा घ्या, आणि गाड्या क्लबच्या गवतावर लावू नका."

या वेळी तो चहाकडे गेला नाही. तो सरळ ग्लेनिसच्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला.

ग्लेनिस खांबाआडून बघत होती. नेव चष्मा घरी विसरून येणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्याने नाक जवळजवळ कॅनव्हासला लावलं. मग त्याने बोट पुढे केलं आणि फाटकाच्या आकड्यावर टेकवलं, आकडा नीट लागलाय का हे बघावं तसं. बोट उचललं. बोटाला राखाडी रंग लागला होता.

तेलरंग तासा-दोन तासांत वाळत नाही. हे सांगायला चित्रकार लागत नाही. ज्याने घरची खिडकी रंगवली आहे त्यालाही कळतं.

नेवने त्या बोटाकडे बघितलं. मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्याचं बोट फाटकापासून निघून, चित्राला न लागता, हवेतच त्या गवतातल्या वाटेवरून हळूहळू वर सरकत गेलं, पार टोकाच्या शेवटापर्यंत. तिथे ते एकदा टेकलं आणि थांबलं.

"खलास," ग्लेनिस पुटपुटली.

"गप्प," रोंडा म्हणाली. "त्याला काही कळलेलं नाही. भाषण होऊ दे, मग मी मलईवाला स्कोन घेऊन त्याच्याजवळ जाते."

रोंडाने चमच्याने कप वाजवला. सगळे गप्प झाले. नेव व्यासपीठाच्या पायरीवर चढला, घसा खाकरला आणि पुन्हा खाकरला.

"चित्रं बघा," तो म्हणाला आणि थांबला. क्लबवाल्यांपैकी कोणीतरी पुढचं वाक्य सुचवलं, "चहा घ्या!" लोक हसले. नेव हसला नाही.

"माझ्या रानातून कोणीही जावं," तो म्हणाला. "माझा बाप अडवत नव्हता, आजा अडवत नव्हता. नियम एकच, फाटक सापडलं तसं ठेवायचं. गुरुवारी मी इथे मेजं उतरवायला आलो तेव्हा ते टोकाचं चित्र भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. फाटक उघडं होतं. आज ते लागलंय." त्याने राखाडी बोट वर केलं. "रंग अजून ओला आहे. कोणी लावलं?"

रोंडाने ग्लेनिसचं कोपर इतक्या जोरात दाबलं की पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. पण ग्लेनिसला आता राग आला होता, आणि ग्लेनिसचा राग वर्षातून एकदाच यायचा.

"मी लावलं, नेव," ती पुढे येत म्हणाली. "आज सकाळी. पण त्या बुधवारी ते उघडं होतं. आले तेव्हा उघडं होतं म्हणून जाताना उघडं ठेवलं. कालवडी कुठे खाली ओघळीत असतील, एकही दिसत नव्हती. वर्षभर गाव मला टोमणे मारतंय, मी ऐकून घेतलं. आज तुझ्या टोकाच्या लोभाने मी माझ्याच चित्रात खोटं बोलले. आयुष्यात एकच फाटक मी चुकीचं ठेवलंय, ते हे! घाल तुझं टोक खड्ड्यात."

नेवने कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"उघडंच होतं," तो म्हणाला. "मला माहीत आहे. मीच टाकलं होतं."

चहाच्या मेजामागे मॉरीनची सुरी मलईत थांबली.

"काय म्हणालास?"

"मीच उघडं टाकलं, मॉरीन."

आणि मग नेव हॅरिगन, ज्याला एकेक वाक्य बोलणं म्हणजे गाठचा पैसा खर्चणं वाटायचं, तो बोलायला लागला. त्या बुधवारी उजाडायच्या सुमाराला तो कालवडी बघायला चालत गेला होता. फाटक उघडलं, आत पाऊल टाकलं आणि टोकाच्या अगदी जवळ पाण्याचा फवारा उडालेला दिसला. देवमाशाची मादी होती. बरोबर पिल्लू होतं.

"शिकवत होती त्याला," नेव म्हणाला. "ती उडी घ्यायची. अख्खी पाण्याबाहेर, एखादी बस उभी राहावी तशी. मग हे घ्यायचं. निम्मंच यायचं बाहेर आणि पोटावर आपटायचं. फटॅक! की पुन्हा. परत पोटावर. ती थांबायची त्याच्यासाठी." त्याने दोन्ही हातांनी ते आपटणं दाखवलं, त्या हातांना असं काही दाखवायची सवयच नव्हती. "सत्तरी उलटली माझी. जन्म तिथे गेला, पण समुद्राकडे पाठ करूनच गुरं हाकली मी. तुम्ही लोक तासन्‌तास काय बघता तिथे, मला हसू यायचं. त्या दिवशी मी बसलोच. मग ती दोघं निघाली, तर मीही कड्याकड्याने त्यांच्याबरोबर निघालो, पुढच्या खाडीपर्यंत. परत आलो तो किनाऱ्याच्या रस्त्याने. फाटक बिटक काही डोक्यातच नव्हतं. शीळ घालत होतो मी!"

"त्या दिवशी तू म्हणालास पाण्याचा पाइप फुटला!" मॉरीन ओरडली.

"फुटला नव्हता."

"मी जेवण दोनदा गरम केलं! आणि नंतर क्लबातल्या एकेकाच्या दारात फळांचा केक घेऊन माफी मागत फिरले!"

"केक उत्तम होते, मॉरीन," क्लबच्या बाकावरून आवाज आला, आणि सगळं सभागृह जे हसत सुटलं ते थांबेना. ज्याने गाईला जंत ठरवले होते तो शेतकरी तर डोळे पुसत होता.

"अरे, आम्ही इतकी वर्षं डोळे ताणून बसतो," स्टॅव्ह्रॉस कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि देवमाशांची शाळा भरली ती कोणासमोर, तर या नेवसमोर!"

हसू ओसरल्यावर नेव म्हणाला, "गावात आलो तर कालवडी मैदानावर. सगळे माझ्याकडे बघताहेत. कॅप्टन मासे बघत बसला होता, हे कसं सांगू? तोंडातून 'चित्रकार' निघून गेलं. एकदा निघालं की मग गिळता येत नाही. पाटी लिहिताना हात थरथरत होता माझा."

"तरीच!" स्टॅव्ह्रॉस म्हणाला.

"ग्लेनिस, चुकलो मी. गुरुवारी ते चित्र बघितलं आणि मला वाटलं, बरं झालं, तुम्ही आलात तेव्हाच ते उघडं होतं हे आता सगळ्यांना दिसेल, मला काही बोलावं लागणार नाही. आज येऊन बघतो तर तू माझ्यासाठी फाटक लावून ठेवलेलं. मग बोलावंच लागलं." तो पायरीवरून खाली उतरला. "आता ते उघड. नियम तुलाही आहे. सापडलं तसं."

ग्लेनिसने वर्षभर अंथरुणात पडल्या पडल्या या क्षणाची तालीम केली होती. नेवने माफी मागितली की काय काय सुनवायचं ते सगळं पाठ होतं. आता एकही वाक्य आठवेना. ती एकीकडे हसत होती, एकीकडे नाक ओढत होती, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की धावत सुटावं. धावलीच ती, मागच्या खोलीत रंग पुसायचं टर्पेंटाइनचं फडकं आणायला.

सगळे चित्राभोवती जमले. टर्पेंटाइनचा आणि गरम स्कोनचा वास एक झाला. खालचा रंग वर्षभरात दगडासारखा वाळलेला होता; त्याला काही होणार नव्हतं. ग्लेनिसने फडकं हलकेच फिरवलं. सकाळच्या आडव्या पट्ट्या एकेक करून निघून गेल्या आणि खालून गवतातली वाट वर आली. मग खांबाला टेकलेलं फाटक दिसलं, होतं तसं. क्लबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं मैदान ज्याच्यामुळे नांगरलं गेलं त्याच फाटकासाठी.

"नेव, हे काय केलंस!" मॉरीनने चित्राकडे बोट दाखवलं. "एवढ्या चांगल्या चित्राला डाग पाडलास. पूस गं ते, ग्लेनिस."

टोकाच्या अगदी शेवटी, गवत संपतं तिथे, नेवच्या बोटाचा राखाडी ठसा उमटला होता. छोटासा, उभ्या माणसासारखा. ग्लेनिस फडकं घेऊन तिथपर्यंत गेली आणि थांबली.

"नेव, तू नक्की कुठे उभा होतास?"

नेवने वाकून बघितलं. "तिथेच की," तो म्हणाला. "अगदी तिथेच."

"मग राहू दे," ग्लेनिस म्हणाली.

"टोपी रंगवू का त्याच्या डोक्यावर?" स्टॅव्ह्रॉसने विचारलं.

"हात लावून तर बघ!" ग्लेनिसने दटावलं.

रोंडा मलईवाला स्कोन बशीत घेऊन संधीची वाट बघत उभी होती. "मग नेव, ते कुलूप…"

"आजच काढतो."

"पाटी मला दे," स्टॅव्ह्रॉस म्हणाला. "ती अक्षरं नीट केल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

हसत-बोलत सगळे पुन्हा चहाकडे वळले. चित्राजवळ राहिल्या फडकं हातात धरलेली ग्लेनिस नि मॉरीन, आणि मॉरीनच्या मागे हात लपवून उभा असलेला नेव. मॉरीन चित्रातल्या त्या राखाडी माणसाकडे बघत होती.

"मला का नाही हाक मारलीस?" ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. "घर काही लांब नव्हतं. मी आले असते की रे. गाउनवर आले असते."

नेवने लपवलेला हात पुढे आणला. तो म्हणाला, "सुचलंच नाही बघ." आणि तेच खरं होतं.

मॉरीनने बोटाची मलई एप्रनला पुसली. "ग्लेनिस, परवानगी आहे का गं?" तिने विचारलं. ग्लेनिसला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने फडक्याची राखाडी बाजू पुढे धरली. मॉरीनने त्यात बोट टेकवलं आणि चित्रात, टोकाच्या शेवटी, नेवच्या शेजारी दाबलं. तिचा ठसा जरा बुटका आला आणि किंचित त्याच्याकडे कलला.

"पुढच्या खेपेला हाक मार," ती म्हणाली आणि स्कोन संपत आलेत का ते बघायला गेली.